फेसाचा साबण : बाटलीत साबण किती, पाणी किती आणि पैसे किती?

आदिलाबाद : किराणा दुकानात हात धुण्याच्या साबणाच्या फळीवर आता तीन प्रकार शेजारी शेजारी दिसतात. वडी, घट्ट हँडवॉशची बाटली आणि दाबलं की थेट पांढरा फेस देणारी बाटली. तिसरीची मागणी वाढण्याचं कारण बहुतेक घरांत लहान मुलं हेच आहे. मुलांना फेस आवडतो. वडी ओल्या फरशीवर निसटते, घट्ट हँडवॉश हातावर घेतला की अर्धा नालीत जातो. फेस मात्र तळहातावर बसून राहतो. शाळेतून आलेलं पोर न सांगता हात धुतं, एवढ्यावरच आई-वडील ही बाटली घ्यायला तयार होतात. पण दोन-अडीच आठवड्यांत ती रिकामी होते आणि महिन्याच्या यादीत आणखी एक आकडा वाढतो.

हा आकडा कमी करता येतो, तोही बराच. मात्र त्यासाठी बाटलीत नेमकं काय असतं ते आधी समजून घ्यावं लागेल. अर्धवट माहितीवर केलेल्या घरगुती प्रयोगात एक तर पंप बंद पडतो, नाही तर हात धुतल्यासारखे वाटतात पण धुतले जात नाहीत.

फेसाची करामत साबणात नाही, पंपात आहे. साध्या हँडवॉशचा पंप फक्त द्रव वर ओढतो. फेसाच्या पंपात द्रवासोबत हवा ओढणारा दुसरा कप्पा असतो. दोन्ही एकत्र होऊन बारीक जाळीतून बाहेर पडतात आणि फेस तयार होतो. जाळी अगदी बारीक असल्यामुळे आतला द्रव पाण्यासारखा पातळच लागतो. घट्ट हँडवॉश तसाच भरला तर पंप जड होतो, अडकतो किंवा नुसता चिकट थेंब टाकतो. म्हणून फेसाच्या बाटलीतला साबण मुळातच पातळ केलेला असतो. सरळ सांगायचं तर त्या बाटलीत साबण कमी आणि पाणी जास्त असतं, आणि ग्राहक त्या पाण्याचेही साबणाच्या भावाने पैसे मोजतो. यात फसवणूक काही नाही. पंपाची किंमत आहे, सोय आहे. पण पंप एकदाच घ्यावा लागतो आणि पाणी घरात असतं.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. गोदरेजने २०१८ मध्ये पावडरपासून घरीच हँडवॉश करायची पुडी बाजारात आणली. पुडी बाटलीत टाकायची, घरचं पाणी घालायचं, हलवायचं, की २०० मिली तयार. सुरुवातीला त्या पुडीची किंमत १५ रुपये होती. पाण्याने भरलेल्या बाटल्या ट्रकमधून देशभर फिरवण्यापेक्षा पुडी फिरवणं स्वस्त, असा तो साधा हिशेब.

महिन्याचा हिशेब

आता आकडे मांडून पाहू. भाव दुकानागणिक आणि ब्रँडगणिक वेगळे असतात, म्हणून खालचे भाव नमुन्यादाखल धरले आहेत. आपल्या दुकानातला आकडा घालून हेच गणित पुन्हा करावं. घरात चार माणसं, प्रत्येकाने दिवसातून सहा वेळा हात धुतले, म्हणजे दिवसाला २४ वेळा.

समजा फेसाची २५० मिलीची बाटली १०० रुपयांना मिळाली. म्हणजे एका मिलीला ४० पैसे. फेसाचा पंप एका दाबात साधारण पाऊण ते एक मिली द्रव देतो. ०.८ मिली धरलं तर एका दाबाचे ३२ पैसे, दिवसाचे सुमारे ७ रुपये ७० पैसे आणि महिन्याचे २३० रुपये.

साध्या हँडवॉशची ७५० मिलीची पिशवी १०५ रुपयांना धरू. एका मिलीला १४ पैसे. पण साधा पंप एका दाबात दीड मिलीच्या आसपास टाकतो, म्हणजे २१ पैसे. महिन्याचा खर्च १५० रुपयांच्या घरात. म्हणजे भाव निम्म्याहून कमी असला तरी खर्च निम्मा होत नाही, कारण पंप जास्त साबण सांडतो. दुकानात फक्त मिलीचा भाव पाहणाऱ्यांची गफलत इथेच होते.

आता हीच पिशवी एकास तीन पाणी घालून फेसाच्या रिकाम्या बाटलीत वापरली तर? ७५० मिलीचे तीन लिटर होतात. मिलीला साडेतीन पैसे, एका दाबाला तीन पैशांहूनही कमी. घरी पातळ केलेला फेस थोडा हलका असतो, म्हणून एकाऐवजी दोन दाब धरू. तरी महिन्याला ४० रुपये. तयार बाटलीच्या तुलनेत महिन्याला १९० आणि वर्षाला दोन हजारांहून जास्त रुपये वाचतात.

आणि वडी? हात धुताना एका वेळी साधारण ग्रॅमचा तिसरा हिस्सा झिजतो असं धरलं, तर महिन्याला २४० ग्रॅम लागतात. शंभर ग्रॅमला ३५ रुपये भाव असेल तर ८४ रुपये. अर्थात साबणदाणीत पाणी साचून वडीचा लगदा होत नसेल तरच.

वडीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. बाटलीतल्या द्रव साबणावर मात्र १८ टक्के कायम राहिला. ज्या वडीची मूळ किंमत १०० रुपये, ती आधी ११८ ला पडायची, आता १०५ ला पडायला हवी. म्हणजे छापील किमतीत सुमारे ११ टक्के फरक. जुन्या छापाचा माल त्याच भावात हातात आला तर विचारायला हरकत नाही.

सीमेवरच्या गिऱ्हाईकांना एक जुनी सवय आहे : अमुक वस्तू पांढरकवड्याला स्वस्त, तमुक आदिलाबादला. व्हॅटच्या काळात दोन राज्यांचे दर वेगळे असल्याने त्यात तथ्यही होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि साबणासारख्या वस्तूंवरचा कर भोरजच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच झाला. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे, तिथे फरक अजून दिसतो. साबणासाठी मात्र पेनगंगा ओलांडण्यात आता अर्थ नाही. फरक पडला तर तो दुकानदाराच्या सवलतीचा, कराचा नव्हे.

घेताना काय पाहायचं

पाकिटावर छापील किमतीजवळ बारीक अक्षरात 'युएसपी' म्हणून एक आकडा असतो. युनिट सेल प्राइस, म्हणजे एका मिलीचा भाव. एक लिटरपेक्षा कमी मालावर तो मिलीमागे आणि जास्त असेल तर लिटरमागे छापावा लागतो. 'एकावर एक फुकट' आणि '२० टक्के जादा' यांच्या गोंधळात हा एकच आकडा कामाचा. पण वर सांगितल्याप्रमाणे फेसाचा मिली आणि घट्ट हँडवॉशचा मिली एकमेकांशी ताडायचा नाही. फेसाची फेसाशी, घट्टची घट्टशी तुलना करावी.

दुसरं, पिशवी घेताना ती कशाची आहे ते वाचावं. रिफिल दोन तऱ्हेचं मिळतं. एक साध्या हँडवॉशचं, घट्ट. दुसरं 'फोमिंग' लिहिलेलं, आधीच पातळ. या दुसऱ्यात पुन्हा पाणी घातलं तर उरतं नुसतं वासाचं पाणी. आणि पहिलं न पातळ करता फेसाच्या बाटलीत भरलं तर पंप जातो. दोन्ही पिशव्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून घाईत हमखास चूक होते.

'९९.९ टक्के जंतू मारतो' या ओळीसाठी जादा पैसे द्यायचे का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसॅनसह १९ जंतुनाशक घटकांवर घरगुती साबणात बंदी घातली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त परिणामकारक आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही, असं कारण देण्यात आलं. घरी हात धुताना जंतू मरण्यापेक्षा हातावरून सुटून पाण्यासोबत वाहून जाणं महत्त्वाचं असतं, आणि ते काम साधा साबणही करतो. शिवाय पाकिटावरचा दावा न पातळ केलेल्या मालाबद्दल असतो. तिप्पट पाणी घातल्यावर त्या ओळीचा आधार घेता येत नाही. म्हणून घरी पातळ करायचंच असेल तर महागडा जंतुनाशक हँडवॉश आणण्यात काही राम नाही. साधा, चांगल्या कंपनीचा पुरे.

हातगाडीवर फिनेल आणि भांड्यांच्या द्रवासोबत सुटा हँडवॉशही मिळतो, पाच लिटरच्या कॅनमधून बाटलीत भरून. भाव मोहात पाडणारा असतो. पण त्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, त्यात काय घातलं आहे त्याचा पत्ता नाही. फरशीसाठी चालेल. मुलांच्या हातासाठी नको. भांडी घासायचा द्रव पातळ करून हात धुणंही काही घरांत चालतं. त्याने हात स्वच्छ होतात, पण तो तेलकट भांड्यांसाठी केलेला असल्याने कातडी कोरडी पडते. आपल्या जिल्ह्याची थंडी तेलंगणात सर्वांत कडक थंडींपैकी एक. भीमपूर मंडळातल्या अर्लीचं तापमान दर हिवाळ्यात बातमीत येतं. त्या दिवसांत हात आधीच उललेले असतात, त्यात हे नको.

जड पाण्याची अडचण

मोबाईलवरच्या व्हिडिओंत एक युक्ती फार फिरते : साबणाची वडी किसायची, गरम पाण्यात विरघळवायची, बाटलीत भरायची, झाला हँडवॉश. मुंबई-पुण्याच्या नळाच्या पाण्यात ती कदाचित जमत असेल. आपल्याकडे ती फसते आणि त्याला कारण पायाखालची जमीन आहे.

या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे. म्हणून तर आदिलाबादला सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला होता, जो आता अनेक वर्षं बंद आहे, आणि पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूर भागात सिमेंटचे कारखाने आहेत. या खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, बादलीच्या कडेला रेघ उठते, डाळ लवकर शिजत नाही, तेच हे पाणी.

वडीचा साबण तेल-चरबीपासून बनतो. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. साबणाचा बराचसा भाग साफसफाईऐवजी या साक्यातच खर्च होतो. शिवाय किसलेला साबण थंड झाल्यावर शेंबडासारखा घट्ट होतो. साका आणि हा लगदा मिळून पंपाची जाळी आठवड्यात बंद करतात. बाजारातला हँडवॉश बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो. त्यात सोडियम लॉरेथ सल्फेटसारखे घटक असतात आणि जड पाण्यात त्यांचा असा साका होत नाही. म्हणून पातळ करायला वडी नव्हे, हँडवॉशच घ्यावा.

घरचं पाणी किती जड आहे हे पाहायचं असेल तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, वडीचा छोटा तुकडा किसून टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खाली पाणी बऱ्यापैकी निवळ राहिलं तर पाणी हलकं. फेस कमी आणि पाणी दुधाळ, तर जड. मिशन भगीरथच्या नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी असं शेजारी ठेवून पाहिलं तर फरक डोळ्यांना दिसतो.

पातळ करायची रीत

पाणी उकळून गार केलेलं घ्यावं. उकळल्याने जंतू मरतात आणि क्षारांचा काही भाग भांड्याच्या तळाला बसतो. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. घरी फिल्टरचं पाणी असेल तर तेही उकळून घेतलेलं बरं.

फेसाची रिकामी बाटली आणि पंप गरम पाण्याने धुऊन घ्या. साधं पाणी भरून दहा-पंधरा वेळा पंप दाबला की जाळीतला जुना साबण निघून जातो. मग बाटली उलटी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. आधी पाणी, मग हँडवॉश, हा क्रम महत्त्वाचा. उलटं केलं तर भरतानाच फेस होऊन बाटली उतू जाते. एक भाग हँडवॉश, तीन भाग पाणी. हँडवॉश फारच घट्ट असेल तर चार भाग चालेल, त्यापुढे जाऊ नये. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, पंप आत जायला जागा लागते. झाकण लावून हळूच उलटी-सुलटी करा, खळखळून हलवू नका.

लिंबू, हळद, कडुलिंबाचा रस, गुलाबपाणी, खोबरेल तेल यांतलं काहीही आत घालू नये. पंप अडकतो, आणि अडकला नाही तर आतलं द्रावण नासतं. रिठ्याचं पाणी सुंदर फेस देतं हे खरं, आजीच्या काळापासून केसांना तेच लावलं जातं, पण ते दोन-चार दिवसांत आंबतं. बाटलीत साठवायची ती वस्तू नव्हे.

नासण्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. हँडवॉशमध्ये तो टिकावा म्हणून कंपनी जे घटक घालते, त्यांचं प्रमाण मूळ घट्ट द्रवाच्या हिशेबाने ठरलेलं असतं. तिप्पट पाणी घातलं की तेही पातळ होतात आणि पाण्यात वाढणाऱ्या जंतूंना वाव मिळतो. साबणातच जंतू कसे वाढतील, असं वाटतं खरं, पण वाढतात. अमेरिकेच्या सीडीसीने २००२ मध्ये दवाखान्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलं होतं की अर्धवट रिकाम्या साबणाच्या डब्यात वरून नवा साबण ओतू नये. आपल्या घरात नेमकं तेच चालतं : बाटली अर्धी झाली की वरून थोडा हँडवॉश, थोडं पाणी. हे टाळावं. एका वेळी दोनशे मिलीच करावं, दोन-तीन आठवड्यांत संपवावं, संपल्यावर बाटली धुऊन वाळवून मगच पुन्हा भरावी. वास बदलला, गढूळपणा आला, तार सुटली तर सरळ ओतून द्यावं. तेवढ्या द्रावणात सात रुपयांचा हँडवॉश असतो, जीव अडकवण्यासारखं काही नाही. घरात तान्हं बाळ, नुकतंच ऑपरेशन झालेला किंवा कॅन्सरचे उपचार घेणारा रुग्ण असेल तर पातळ करण्याच्या भानगडीत न पडता वडी किंवा तयार हँडवॉशच वापरावा.

फेस कुठे पुरत नाही

फेस हातावर घेताच सगळीकडे पसरलेला दिसतो. मुलं दोन सेकंद हात फिरवतात आणि धुऊन टाकतात. घट्ट साबणाला फेस येईपर्यंत चोळावं तरी लागायचं, ते चोळणंच इथे सुटतं. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, तळहाताची मागची बाजू मिळून वीस सेकंद चोळल्याशिवाय हात धुतले असं म्हणता येत नाही, साबण शंभराचा असो वा चाळीसचा. जून ते सप्टेंबर गावोगाव हगवण-उलटीचे रुग्ण वाढतात, तेव्हा या वीस सेकंदांची किंमत कळते.

तेल, ग्रीस आणि मळ यांच्यापुढे पातळ फेस कमी पडतो. मोटार दुरुस्तीवरून आलेल्या, बैलगाडीच्या आसाला वंगण लावलेल्या हातांना वडीच हवी. आणि कापसावर फवारणी करून आलेल्यांनी तर फेसाच्या बाटलीकडे वळूच नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. बेला, जैनदच्या शेतांत तीच पिकं आणि तशीच औषधं वापरली जातात. फवारणीनंतर हातमोजे आणि कपडे काढून वेगळे ठेवायचे, भरपूर वाहत्या पाण्याखाली वडी लावून हात कोपरापर्यंत धुवायचे, मग आंघोळ. तंबाखू, विडी, पाणी, भाकरी सगळं त्यानंतर. विहिरीवर किंवा शेतातल्या खोपीत पाच-दहा रुपयांची वडी जाळीच्या पिशवीत घालून टांगून ठेवली तर ती चिखलातही पडत नाही आणि विरघळतही नाही.

वडी घेताना पाकिटावर 'टीएफएम' पाहावा. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्यात ६० असतो. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वड्यांत याहूनही कमी चालतो. टीएफएम जास्त तर वडी सहसा कमी झिजते आणि हातही कमी कोरडे पडतात.

पंप हा या सगळ्यातला नाजूक भाग. नीट वापरला तर बराच काळ चालतो. दाबल्यावर वर यायला वेळ लावू लागला तर कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवावा, बहुतेक वेळा सुटतो. फेसाच्या पंपाचं तोंड रुंद असतं, साध्या हँडवॉशच्या बाटलीला तो सहसा बसत नाही. म्हणून घरात एखादी फेसाची बाटली आली तर ती भंगारात न टाकता बाटलीसकट जपून ठेवावी.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, पाकिटावर वजन-माप किंवा किंमतच नाही, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक दोन्ही राज्यांतून लागतो. तिथे १७ भाषांत तक्रार नोंदवता येते. त्यात तेलुगू आहे आणि मराठीही. बिल मात्र जवळ असावं.